महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री

प्रवरा नदी जेथें गोदावरीस मिळते, त्या संगमाच्या कांठीं टोके नांवाचें गांव आहे. आपल्या अहमदनगर जिल्ह्यांत (ज्याचें नांव आतां अहिल्यानगर असें झालें आहे) नेवासें तालुक्यांत हें गांव असून तेथील सिद्धेश्वराचें कोरीव देवालय प्रसिद्ध आहे. यात्रेकरू संगमावर स्नान करितात, देवालय पाहतात आणि आपल्या वाटेनें परत जातात. परंतु ह्याच टोक्याच्या एका घराण्यांत एकोणिसाव्या शतकांत एक असे गणिती निपजले कीं, ज्यांची कीर्ति काशीपासून लंडनपर्यंत गेली, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांचें नांव बापूदेव शास्त्री.

वर्गांत गुरुजी बल म्हणजे काय हें शिकवूं लागले, म्हणजे न्यूटनचें नांव निघतें. आणि न्यूटनचें नांव निघालें कीं कोणी तरी विद्यार्थी हमखास विचारतो, कीं आपल्या भास्कराचार्यांस हें सारें आधींच माहीत नव्हतें काय? ह्यावर दोन उत्तरें झटकन् मिळतात. एक म्हणतो, आपल्या पूर्वजांस सर्व कांहीं माहीत होतें, युरोपियनांनीं नवें असें कांहीं शोधिलें नाहीं. दुसरा म्हणतो, जुन्या पोथ्यांत कल्पनेपलीकडे कांहीं नाहीं. दोन्ही उत्तरें देणाऱ्यांनीं बहुधा ना भास्कराचार्य वाचलेला असतो, ना न्यूटन. बापूदेवांचें आयुष्य भास्कराचार्यांच्या ग्रंथांत आणि पाश्चात्य गणितांत सारखेंच मुरलेलें होतें. म्हणून ह्या प्रश्नाचें खरें उत्तर शोधावयाचें असेल, तर त्यांच्या चरित्राच्या आधारानें शोधणें योग्य होईल.

बापूदेवांचें मूळ नांव नृसिंह. त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८२१ रोजीं झाला. वडिलांचें नांव सीताराम. त्यांचें आरंभीचें शिक्षण नागपुरास झालें. तेथें ढुंढिराज नांवाच्या एका कान्यकुब्ज ब्राह्मण विद्वानापाशीं त्यांनीं भास्कराचार्यांचे लीलावती व बीजगणित हे ग्रंथ अभ्यासिले. हे ग्रंथ शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं भास्कराचार्यांनीं रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीचे भाग होत. सातशें वर्षांपूर्वीचीं हीं गणितें नागपुरांतील हा मुलगा अशा सफाईनें सोडवी, कीं त्याची बातमी दूरवर गेली.

त्या वेळीं भोपाळ संस्थानाजवळ सिहोर येथें लान्सेलॉट विल्किन्सन नांवाचे इंग्रज पोलिटिकल एजंट होते. त्यांनीं सिहोरास एक संस्कृत पाठशाळा चालविली होती. विल्किन्सनसाहेबांचें मत असें होतें कीं, ह्या देशांतील लोकांस कोपर्निकस व न्यूटन यांचें ज्योतिष शिकवावयाचें, तर एकदम परक्या पुस्तकांनीं आरंभ करूं नये. पुराणांत पृथ्वी सपाट व शेषाच्या मस्तकावर ठेविलेली वर्णिली आहे. परंतु ह्याच देशांतील सिद्धान्तकारांनीं ती वाटोळी व निराधार असल्याचें सप्रमाण दाखविलें आहे. तेव्हां आधीं लोकांस त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांची ओळख करून द्यावी आणि त्या पायरीवरून पुढच्या पायरीवर न्यावें. ह्याच विचारानें त्यांच्या आश्रयास असलेल्या सुबाजी बापू नांवाच्या पंडितांनीं सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हा ग्रंथ मराठींत लिहिला. विल्किन्सन यांनीं १८३८ मध्यें बापूदेवांची गणितांतील गति पाहून त्यांस नागपुराहून सिहोरास नेलें. त्या वेळीं बापूदेव सोळा-सतरा वर्षांचे होते. तेथें सेवाराम नांवाच्या पंडितांजवळ त्यांनीं सिद्धान्तग्रंथांचें व रेखागणिताचें अध्ययन केलें. एका हातांत भास्कर व दुसऱ्या हातांत युक्लिड अशी जी त्यांची पुढील आयुष्यांतील मूर्ति, तिची घडण सिहोरासच झाली.

सिद्धान्तशिरोमणीचा शेवटचा भाग गोलाध्याय. विल्किन्सन ह्या भागाचें इंग्रजींत भाषांतर करीत होते. त्यांत पृथ्वीविषयीं जें प्रकरण आहे, तें वाचून आजही मन प्रसन्न होतें. भास्कराचार्य म्हणतात त्याचा आशय असा: पृथ्वीस कोणी आधार आहे असें मानलें, तर त्या आधारासही दुसरा आधार पाहिजे, त्यासही तिसरा, आणि ह्या मालिकेस अंत नाहीं. शेवटचा आधार आपल्याच शक्तीनें राहतो असें म्हणावें, तर तीच शक्ति पहिल्या पृथ्वीलाच कां देऊं नये? पृथ्वीच्या अंगीं आकर्षणशक्ति आहे. आकाशांतील जड वस्तु ती आपल्याकडे ओढते आणि ती वस्तु पडत आहे असें आपणांस दिसतें. पृथ्वीभोंवतीं चोहोंकडे आकाश सारखेंच असल्यामुळें ती स्वतः पडणार कोठें? जे लोक पृथ्वीच्या विरुद्ध बाजूस राहतात, ते खालीं डोकें करून लोंबकळत नसून आपल्यासारखेच स्वस्थ उभे आहेत. नदीकांठीं उभ्या असलेल्या मनुष्याचें पाण्यांत जसें उलटें प्रतिबिंब दिसावें, तसे ते आपणांस कल्पनेंत दिसतात, एवढेंच.

हा विचार एकट्या भास्कराचार्यांचा नव्हे. त्यांच्या पूर्वीं सुमारें पांचशें वर्षें, इ.स. ६२८ मध्यें, ब्रह्मगुप्तानेंही जड वस्तूंस ओढून धरणें हा पृथ्वीचा स्वभावच असल्याचें सांगितलें होतें. वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनीं पडण्याच्या कारणास गुरुत्व असें नांव दिलें होतें आणि धनुष्यापासून सुटलेला बाण पुढें जात राहतो, त्याच्या कारणास वेग असें म्हटलें होतें. आज आपण शाळेंत गुरुत्वाकर्षण, वेग हे जे शब्द वापरतों, ते ह्या जुन्या भांडारांतूनच आलेले आहेत. मात्र वैशेषिकांच्या मतें गुरुत्व हा पडणाऱ्या वस्तूचा गुण होता. ब्रह्मगुप्त व भास्कर यांनीं पडण्याचें कारण वस्तूंतून काढून पृथ्वीकडे नेलें. हें पाऊल लहान नव्हे.

विल्किन्सन १८४१ मध्यें वारले व गोलाध्यायाचें काम मागें राहिलें. पुढल्याच वर्षीं, १८४२ मध्यें, बापूदेवांची काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेंत गणिताचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. ही पाठशाळा जोनाथन डंकन यांनीं १७९१ मध्यें स्थापिली होती. हेच डंकन पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले. योगायोग असा कीं, त्याच १८४२ सालीं आपल्या नगर शहरांतून ज्ञानोदय हें पत्र निघूं लागलें. नवी विद्या देशी भाषांच्या द्वारें पसरविण्याचा तो काळ होता, आणि काशीसारख्या जुन्या विद्येच्या माहेरघरीं तें काम विशीं-एकविशींतल्या एका महाराष्ट्रीय तरुणाच्या वाट्यास आलें.

काशींत बापूदेवांनीं सत्तेचाळीस वर्षें अध्यापन केलें. शिष्यांस ते सिद्धान्तग्रंथ शिकवीत आणि त्याबरोबरच रेखागणित, त्रिकोणमिति व नवें बीजगणितही शिकवीत. त्यासाठीं त्यांनीं संस्कृतांत व हिंदींत पुस्तकें लिहिलीं. जुन्या पंडितांस नवी विद्या परकी वाटे, व नव्या विद्वानांस जुनी विद्या निरुपयोगी वाटे. बापूदेवांचें दोहोंकडेही एकच म्हणणें असे, कीं आधीं वाचा, गणित मांडून पाहा, आणि मग बोला.

ह्या वृत्तीची खरी कसोटी १८५८ मध्यें लागली. त्या वर्षीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत बापूदेवांनीं एक लहानसा लेख लिहिला. भास्कराचार्यांनीं ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे, हा त्या लेखाचा विषय. तात्कालिक गति म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण आपल्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. एखादा ग्रह आज कोठें आहे व उद्यां कोठें असेल, यांतील अंतर म्हणजे त्याची दिवसाची गति. परंतु दिवसभर ती गति सारखी नसते. चंद्राची तर फारच बदलते. म्हणून तिथीचा शेवट अचूक काढावयाचा तर सबंध दिवसाची सरासरी कामास येत नाहीं, त्या क्षणाचीच गति पाहिजे. भास्कराचार्यांनीं ही क्षणाची गति काढण्याची रीति दिली. ही रीति आणि न्यूटन व लायब्निट्स यांनीं सतराव्या शतकांत शोधिलेलें चलनकलन, यांचें तत्त्व एकच आहे, असें बापूदेवांनीं प्रतिपादिलें.

युरोपांत ह्या लेखाची दखल घेतली गेली. पुढें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झालेले इंग्रज गणिती विल्यम स्पॉटिसवूड यांनीं १८६० मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत त्याचें परीक्षण केलें. भास्कराचार्यांची रीति चलनकलनाशीं पुष्कळ मिळती आहे, हें त्यांनीं मान्य केलें व त्या काळाच्या मानानें तिची वाखाणणीही केली. परंतु काळाचा अवधि लहान लहान करीत शून्याकडे नेणें हा जो चलनकलनाचा आत्मा, त्याचा स्पष्ट उल्लेख तेथें नाहीं, असा आक्षेप त्यांनीं घेतला. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. आक्षेप आला म्हणून बापूदेवांनीं भास्कराचार्यांचा अभ्यास सोडला नाहीं, आणि भास्कराचार्यांच्या अभिमानानें नवी विद्या शिकविणेंही सोडलें नाहीं.

पुढल्याच वर्षीं, १८६१ मध्यें, त्यांचें सर्वांत प्रसिद्ध पुस्तक कलकत्त्यास निघालें. सूर्यसिद्धान्ताचें त्यांनीं स्वतः केलेलें इंग्रजी भाषांतर, आणि विल्किन्सन यांचें अपुरें राहिलेलें गोलाध्यायाचें भाषांतर तपासून व सुधारून, अशीं दोन्ही त्यांत छापलीं होतीं. ज्या साहेबांनीं आपणांस नागपुराहून उचलून विद्येच्या वाटेस लाविलें, त्यांचें ऋण बापूदेवांनीं वीस वर्षांनीं असें फेडलें. ह्या पुस्तकावर देखरेख कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांची होती. प्रॅटसाहेब धर्मोपदेशक असले तरी उत्तम गणिती होते. भारताच्या मोजणीच्या वेळीं हिमालयाजवळ ओळंबा सरळ खालीं न राहतां पर्वताकडे किंचित् ओढला जातो किंवा काय, असा प्रश्न निघाला होता. प्रॅट यांनीं हिमालयाच्या ओढीचें गणित करून १८५५ मध्यें प्रसिद्ध केलें. मोजणीच्या दोन ठिकाणांमध्यें सुमारें १५.९ विकलांची तफावत पडावी असें गणित सांगे. प्रत्यक्षांत ती सुमारें ५.२ विकलाच भरली. ह्या फरकाचा उलगडा करतां करतां पर्वतांच्या बुडाखालचें द्रव्य हलकें असलें पाहिजे, हा महत्त्वाचा शोध लागला.

येथें क्षणभर थांबून विचार करूं. भास्कराचार्यांनीं पृथ्वी ओढते असें सांगितलें. प्रॅटसाहेबांच्या काळीं पर्वतही ओढतो, तो किती ओढतो, आणि हिशेब चुकला तर त्यावरून जमिनीच्या पोटांतील गोष्ट कशी कळते, इथपर्यंत विद्या येऊन पोंचली होती. ह्या दोन टोकांच्या मध्यें काय घडलें? मध्यें न्यूटनचा १६८७ सालचा ग्रंथ आहे, आणि त्यांत बलाची कल्पना तीन प्रकारें पालटलेली आहे.

पहिला पालट असा. बैलगाडी ओढणें थांबवलें कीं गाडी थांबते. त्यावरून गति टिकविण्यास सतत ओढणारा पाहिजे असें मनुष्यास वाटतें. आपल्या सिद्धान्तकारांसही तसेंच वाटलें, म्हणून तारे व ग्रह रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात ते प्रवह नांवाच्या वायूच्या जोरानें, असें त्यांनीं मानलें. गॅलिलिओ व न्यूटन यांनीं दाखविलें कीं गाडी थांबते ती घर्षणानें. घर्षण नसेल तर चालती वस्तु सरळ रेषेंत त्याच वेगानें चालतच राहते. बल लागतें तें गति टिकविण्यास नव्हे, तर गति बदलण्यास. हें कळल्याबरोबर आकाशांतील प्रवह वायूची गरज उरली नाहीं.

दुसरा पालट मोजमापाचा. गति क्षणोक्षणीं किती बदलते, यावरून बल मोजावयाचें. पडणाऱ्या दगडाचा वेग दर सेकंदास सुमारें ३२ फूट, म्हणजे ९.८ मीटर, वाढतो; पहिल्या सेकंदांत तो सुमारें १६ फूट पडतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारें साठपट दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत ओढ कमी होत असेल, तर तेथें ती ३६०० पटींनीं कमी असावी. म्हणजे येथें दगड एका सेकंदांत जितका पडतो, तितका चंद्र एका मिनिटांत आपल्या सरळ वाटेपासून पृथ्वीकडे पडला पाहिजे. न्यूटननें गणित मांडलें व तें जुळलें. झाडावरचें फळ आणि आकाशांतला चंद्र एकाच नियमानें बांधलेले आहेत, हें असें सिद्ध झालें.

तिसरा पालट परस्परतेचा. टोक्याच्या संगमावर नावाडी कांठाच्या खडकास वेळू लावून रेटतो, तेव्हां खडकही तितक्याच जोरानें त्यास रेटतो, आणि म्हणून नाव पाण्यांत सरकते. तसेंच पृथ्वी दगडास ओढते आणि दगडही पृथ्वीस तितक्याच बलानें ओढतो. पृथ्वी प्रचंड असल्यामुळें तिचें हलणें दिसत नाहीं, इतकेंच. गोलाध्यायांत ओढणारी एकटी पृथ्वी आहे. न्यूटनच्या ग्रंथांत प्रत्येक कण प्रत्येक कणास ओढतो.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. पृथ्वीची ओढ भास्कराचार्यांनीं गोलाध्यायांत सांगितली. क्षणाक्षणाच्या गतीचें गणित त्यांनींच ग्रहगणितांत सांगितलें. बलाचें शास्त्र ज्या दोन विचारांतून उभें राहिलें, ते दोन्ही एकाच ग्रंथाच्या दोन भागांत, एकाच पुरुषाच्या लेखणींतून उतरलेले आहेत. परंतु ते एकत्र आले नाहींत. क्षणाची गति चंद्राच्या तिथीसाठीं वापरली गेली, पडणाऱ्या दगडास ती कोणी लाविली नाहीं. ओढीला नांव मिळालें, माप मिळालें नाहीं. आणि माप नसलें म्हणजे थोर बुद्धीसही चकवा होतो, याचें उदाहरण त्याच गोलाध्यायांत आहे. पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरून एक चाक केलें, तर तें आपोआप फिरत राहील, असें भास्कराचार्यांनीं यंत्रांच्या प्रकरणांत लिहिलें आहे. चाकाच्या एका बाजूचा पारा आंसापासून दूर जाऊन अधिक जोरानें ओढतो, हें खरें. परंतु दोन्ही बाजूंच्या सर्व आऱ्यांतील पाऱ्याचा हिशेब केला तर तें चाक फार वेळ न फिरतां एका जागीं स्थिर होतें. बापूदेवांनीं तपासलेल्या भाषांतरांत हें चाकही आहे. आकर्षणाचा श्लोक ठेवून चाक गाळावें, असें त्यांनीं केलें नाहीं. जें ग्रंथांत होतें, तें सर्व त्यांनीं जगापुढें ठेविलें.

बापूदेवांचा पुढील काळ अध्यापनांत व ग्रंथसंपादनांत गेला. १८६६ मध्यें त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि संस्कृत टिपांसह छापून काढला. काशीच्या मानमंदिरांतील जुन्या वेधयंत्रांचें वर्णन लिहिलें. जुन्या कोष्टकांनीं केलेलें पंचांग आकाशाशीं जुळत नाहीं, हें जाणून त्यांनीं इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारें पंचांग करून प्रसिद्ध केलें. परंपरागत पंचांगकर्त्यांच्या नगरींत असें करणें हें धाडसाचेंच काम होतें. परंतु आकाश व पोथी यांत तंटा पडला, तर खरें आकाशाचें, हें ते आपल्या पूर्वसूरींपासूनच शिकले होते. सरकारनें १८७८ मध्यें त्यांस सी. आय. ई. हा किताब दिला व १८८७ मध्यें महामहोपाध्याय ही पदवी दिली. १८८९ मध्यें ते सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्या जागीं पंडित सुधाकर द्विवेदी आले, ज्यांनीं पुढें गणित व ज्योतिष ह्या विषयांत मोठें नांव मिळविलें. १८९० मध्यें बापूदेवांनीं इहलोक सोडला. ज्या पाठशाळेंत त्यांनीं आयुष्य वेंचलें, तिचें १९५८ मध्यें विश्वविद्यालय झालें.

विद्यार्थिमित्रांनो, बापूदेवांनीं स्वतः नवा नियम शोधिला नाहीं, आणि न्यूटनच्या पंक्तीस त्यांस बसविण्याचा कोणी हट्टही धरूं नये. त्यांची थोरवी निराळी आहे. पूर्वजांविषयीं ज्याला खरा आदर आहे, तो त्यांचे ग्रंथ न वाचतां त्यांची स्तुति करीत नाहीं, आणि त्यांच्या चुका झांकूनही ठेवीत नाहीं. परक्यांच्या विद्येविषयीं ज्याला खरी भूक आहे, तो ती शिकण्यांत कमीपणा मानीत नाहीं. भास्कराचार्यांनीं यंत्रांच्या प्रकरणांत सर्व यंत्रांत बुद्धि हेंच श्रेष्ठ यंत्र ठरविलें आहे. तें यंत्र प्रत्येकाजवळ आहे. तें चालवावें मात्र लागतें. पुढच्या सुटींत प्रवरासंगमास गेलांत, तर देवालय अवश्य पाहा. मग कांठावरचा एक खडा उचलून वर फेंका, तो संथ होतो, क्षणभर थांबतो व पुन्हां वेगानें खालीं येतो, हें नीट न्याहाळा, आणि त्या क्षणीं त्याची गति किती व कां बदलते, याचें गणित घरीं येऊन स्वतः मांडा. टोक्याच्या त्या थोर गणित्याचें स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग दुसरा नाहीं.